मुरलेलं तेल

माझ्या गाडीच्या ऑइल चेंबरला तडा होता केसाएवढा. मेकॅनिक इब्राहिमभाईंनी ते अ‍ॅल्युमिनियमचं चेंबर काढून पेट्रोलने धुतलं, उन्हात वाळवलं, पुन्हा पुसलं. तरी दरवेळी तड्यातून तेल पाझरून वर येई.

"साहेब, तेल आत मुरलंय. तडा बुजवायला काहीही लावलं तरी धरणार नाही."

मला धाकटा भाऊ आठवला. रागाच्या भरात मी त्याला एकदाच ‘फुकट्या’ म्हणालो होतो. माफीही लगेच मागितली. त्यालाही वर्षं झाली. अजून दर दिवाळीला तो फराळाची ताटली पुढे करतो आणि हसत विचारतो, "फुकट्याच्या घरचं चालेल ना, दादा?"

"तरी लावून बघा," मी इब्राहिमभाईंना म्हणालो.

त्यांनी लावलं. घरी आल्यावर मी गाडीखाली पुठ्ठा पसरला.