सव्वासातची गाडी

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी मी आमच्या गावच्या वाचनालयातर्फे एक व्याख्यान ठरवलं. विषय होता वाहनांचा धूर आणि संपत चाललेलं तेल. जन्मभर हायस्कुलात विज्ञान शिकवलं, त्यामुळे हे काम माझंच, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मीसुद्धा.

व्याख्याते कोल्हापूरहून आले. शाळेच्या हॉलमध्ये पडदा लावला होता. शहरातली हवा, वाहनांच्या रांगा, आटत चाललेल्या तेलविहिरी, सगळं त्यांनी मन लावून समजावलं. शेवटी म्हणाले, "आपल्याला सार्वजनिक वाहतुकीकडे वळावंच लागेल." टाळ्या झाल्या. मी आभार मानायला उठले आणि रीत म्हणून विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?"

मागच्या बाकावरून एक बाई उभी राहिली. वरच्या वाडीतली. तिच्या दोन्ही मुली माझ्या हाताखालून गेलेल्या.

"बाईनू, माका येक सांगा. सव्वासातची गाडी होती, ती कित्याक बंद झाली?"

"माणसं कमी झाली म्हणून," मी म्हटलं.

"माणसा खंय गेली?"

खिडकीतून आवार दिसत होतं. मोटरसायकली एकमेकींना टेकून उभ्या होत्या, आणि त्यांच्यात माझी स्कूटर.

"माझ्या घोवाक आठवड्यातसून दोनदा डायलिसिसाक न्हेवचा लागता," ती म्हणाली. "गाडी होती तेव्हा दोघाय बसान जाय होतंव. आता पुतण्याच्या मोटरसायकलीर बसवतंय. त्येंचो तोल ऱ्हवना नाय, म्हणान पंचान पुतण्याच्या पाठीक बांधतंय. मागसून मी धरून बसतंय. ह्ये साहेब सांगतत ता खराच आसा. पण आमी पयल्यापासून गाडयेनच जाय होतंव."

ती खाली बसली. मी आभार मानले ते काय शब्दांत, मला आठवत नाही.

सव्वासातच्या त्या एसटीनं मी वीसेक वर्षं शाळेत गेले होते. मग आमच्यातल्या एका शिक्षकानं मोटरसायकल घेतली, पुढे दुसऱ्यानं. नोकरीची शेवटची काही वर्षं राहिली तेव्हा मी स्कूटर घेतली. नंतर एकदा बाजारात त्या गाडीचा कंडक्टर भेटला आणि एवढंच म्हणाला, "बाई, तुम्ही पण?" मी हसून विषय बदलला होता.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले. नवरा पडवीत बसला होता. आयुष्यभर चिरेखाणीत राबलेला माणूस, आता मनगटं काडीसारखी झालेली. मी कालचा विषय काढताच तो म्हणाला, "माका बांधलेलो बघून बाजारात लोक हसतत. हसांदेत. पण पुतण्याचा काम बुडता, ता माका सोसणा नाय."

त्या आठवड्यात मी गाडी पुन्हा सुरू करण्याचा अर्ज घेऊन घरोघर फिरले. गाडी वेळेवर नसते, स्टॉप लांब पडतो, परत यायला खोळंबा होतो; लोकांनी सांगितलेली कारणं खोटी नव्हती. मी स्वतःला हीच कारणं दिली होती. तरी बावीस जणांनी सह्या केल्या. आगारातले साहेब कागद वाचून म्हणाले, "एक महिना गाडी सोडून बघतो. पण बाई, सह्या गाडीत बसत नाहीत. माणसं बसली पाहिजेत."

गाडी सुरू झाली ती थंडीच्या दिवसांत. पहिल्या सकाळी बावीसांपैकी नऊ जण आले. तिच्या नवऱ्याला कंडक्टरनं दंडाला धरून वर घेतलं. तो पुढच्या सीटवर बसला, खिडकीच्या दांडीला कपाळ टेकलं आणि कसालचा फाटा येईपर्यंत बाहेर बघत राहिला. बायको त्याच्या शेजारी नुसती बसली होती. तिचे दोन्ही हात मोकळे होते. ते कुठे ठेवावेत, हे तिला सुचत नसावं.

महिना संपला. गाडी बंद झाली नाही. कधी बारा माणसं असत, कधी पाच. मी आठवड्यातून दोनदा, त्यांच्या दिवशी, काहीतरी काम काढून जायचे. शिमग्याच्या आधी तो गेला. घरीच, दुपारी जेवण झाल्यावर.

त्याचे दिवस झाल्यावर आठवडाभरानं मी स्टॉपवर गेले, तर ती आधीच उभी. हातात पिशवीसुद्धा नव्हती. वार त्यांच्या डायलिसिसचा होता. मला वाटलं, सवयीनं आली असावी. घाबरत घाबरतच विचारलं, "खंय चललंस गो?"

"खंय नाय," ती म्हणाली. "आमी दोघा कमी झालंव, तर गाडयेत माणसा नाय म्हणतले. दुसऱ्या कोणाक तरी व्हयी आसतली."

गाडी आली. तिनं बाजारापर्यंतचं तिकीट काढलं. मी तिच्या शेजारी बसले. पुढच्या स्टॉपवर गाडी थांबली. कुणीच चढलं नाही. ड्रायव्हरनं क्षणभर वाट पाहिली आणि गाडी पुढे काढली.