देवीखालचं लेबल

भिकन आणि त्याची जुनी मोटारसायकल यांची पहिली भेट सोनगीरच्या बाजारात झाली. विकणाऱ्याने किक मारली आणि किल्ल्याचे दोन दगड निसटले, म्हशींनी दूध आखडलं आणि थांब्यावर पेंगणारा एक म्हातारा थेट शिरपूरपर्यंत पळत सुटला, असं भिकन शपथेवर सांगे. मुलगी मयुरीपेक्षा गाडीचं वय जास्त आणि लाड दुप्पट.

भिकन महामार्गावरच्या पंपावर पेट्रोल भरायचा. यंत्रावर लेबल होतं : ‘या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे.’ गिऱ्हाईक तेवढं वाचून त्यालाच धरायचं.

“काय भिकनभाऊ, आधी दूध विकायचे का? मिसळायची सवय जात नाही वाटतं!”

भिकनच्या जिव्हारी लागे. दसऱ्याला यंत्राला हळदकुंकू लावताना त्याला तोडगा सुचला. त्याने सप्तशृंगीचा भलामोठा स्टिकर बरोबर लेबलावर चिकटवला. दुसऱ्या दिवसापासून लोक हात जोडूनच पेट्रोल घेऊ लागले. भांडणं मिटली. मालक प्रेमराजशेठ खूश. लेबलावर जुन्या गाड्यांसाठी सूचना देणारी दुसरीही ओळ होती. पण भांडण पहिल्या ओळीवर व्हायचं, म्हणून दुसरी भिकनने कधी वाचलीच नव्हती. तोही रोज देवीला नमस्कार करून आपली टाकी भरायचा.

हिवाळ्यात घरात वास येऊ लागला. गाडी रात्री ओसरीवर असायची. बायको मंजुळाबाई काडेपेटी हातात धरून थबकली.

“घरमा पेट्रोलना वास यी ऱ्हायना. दिवा लावू का नको?”

“पंपवालाना घरमा अत्तरना वास येई का? लाव!”

तिने दिवा लावला, पण अंगणातल्या तुळशीपाशी नेऊन.

गॅरेजमध्ये वाल्मीक मिस्तरीने गाडीची पेट्रोलची नळी चिमटीत धरली. ती उकडलेल्या शेवयीसारखी दबली.

“भिकनभाऊ, जुनं रबर शे. हाई पेट्रोल त्याले खाई जास. लेबल वाचं नही का? गाडी आठेच ठेव.”

“मयुरीनी परीक्षा होऊ दे, मंग. तिले रोज धुळाले कोन पोचाडी? आनि वर देवी शे. बठ्ठं देखस ती!”

शेवटच्या पेपरच्या सकाळी उतारावर भिकनच्या उजव्या पायाला गार लागलं. पाऊस नव्हता. मागून मयुरी म्हणाली, “पप्पा, वास खूप येतोय. थांबा ना.”

त्याने गाडी कडेला घेतली. ती उतरून बाजूला झाली. भिकन मात्र उतरला नाही; बसल्या बसल्याच वाकून नळी चाचपू लागला. इंजिन चालूच होतं.

मयुरी मागून आलेल्या रिक्षाने परीक्षेला गेली नाही, भाजलेल्या भिकनबरोबर दवाखान्यात गेली. तो पेपर तिने पुढच्या सत्रात दिला. प्रेमराजशेठने स्टिकर ओरबाडून काढला. त्याच्याबरोबर लेबलही निघून आलं. नवं अजून लावलेलं नाही. भिकन आता पंपावर हवा भरतो. उजव्या पायात बूट जात नाही.