आधी लेकरं

उमापूरचा धुळाजी धनगर मेंढरांशी जेवढं बोलायचा, तेवढं माणसांशी बोलला असता तर गावानं त्याला पाटील केला असता, असं त्याची बायको बायडाबाई म्हणायची. शिव्या मेंढरांना, लाडही मेंढरांचेच. कोकराचा आवाज तर असा काढायचा, की चरणारी मेंढी मान वर करून भिरीभिरी बघायला लागायची. दोघांना मूल नव्हतं. त्यावर दोघं बोलत नसत.

१९१०च्या सुमारास, एका हिवाळ्यात, तो पालावर आला आणि घोंगडी झटकत म्हणाला,

"बायडे, मी बोटीवर निघालो."

"कशावर?"

"बोटीवर. समिंदरात."

"मेंढरं सोडून?"

"मेंढरं घेऊन."

"आन् चारणार काय तितं? लाटा?"

गोष्ट खरी होती. मुंबईचा व्यापारी कासमभाई दरसाल उमापुरात मेंढरं घ्यायचा, नगरपर्यंत चालवत न्यायचा आणि तिथून रेल्वेनं पुढं. औंदा त्याला इंग्रजांच्या लढाऊ बोटीला जिवंत मेंढरं पुरवायची होती. बोट महिना महिना समुद्रातच असायची. कापलेलं मटण टिकणार कसं? मागच्या खेपेला हेलकाव्यांनी निम्मी मेंढरं सुरीआधीच मेली होती.

"तू नुसती जिती ठेव," कासमभाई म्हणाला होता, "मारायला लोक हैत."

बायडाबाईनं भाकरी बांधून दिल्या. "परत या म्हंजी झालं," एवढंच म्हणाली.

बोटीवर धुळाजीला आधी ओकाऱ्या झाल्या, मग मेंढरांना. पण निजामाच्या मुलखातला माणूस, दखनी हिंदुस्तानी तोंडात बसलेली. खलाशांशी त्याचं लगेच जमलं. त्यांचा मुकादम दाऊद सारंग रत्नागिरीकडचा. तो धुळाजीची रोज फिरकी घ्यायचा.

"धनगरा, आपण इकडं मकरानच्या किनाऱ्याला कशाला हिंडतोय, ठाऊक आहे?"

"मेंढरं संपवाया."

दाऊद खो खो हसला. "अरे, मस्कतहून बंदुका भरून गलबतं निघतात. या किनाऱ्याला उतरवतात, मग उंटांवरून पठाणांकडं. पुढं त्याच बंदुका सरकारवर फिरतात. म्हणून ही राखण."

"आन् ते माणसं इकणारे? तू म्हनला व्हता."

"गुलाम सापडले तर सोडवायचे, असा हुकूम आहे." दाऊदनं तंबाखू मळली. "पण गुलाम काय सरकारवर गोळी झाडत नाही. बंदूक पहिली."

एका सकाळी त्यांनी एक गलबत अडवलं. बोटीवरचा गोरा साहेब होडीतून झडतीला निघाला. गलबतावर शेळ्या दिसत होत्या आणि साहेबाला दुधाची हुक्की आली, म्हणून त्या धरायला धुळाजीलाही होडीत बसवलं.

बंदुका निघाल्या नाहीत. खजुराच्या गोण्या निघाल्या. गोण्यांच्या खाली, उकिडवंच बसता येईल एवढ्या अंधाऱ्या जागेत, बायका होत्या. आफ्रिकेतून आणलेल्या. कुणाच्या मांडीवर लेकरू, कुणाच्या पाठीला. वास असा आला की जन्मभर लेंड्यांत वावरलेला धुळाजीही मागं सरला. त्यानं मेंढरंसुद्धा कधी अशी कोंडली नव्हती.

सगळ्यांना बोटीवर घ्या, साहेबानं सांगितलं. पण बायका हलेनात. गोरे लोक माणसं खातात, असं गलबतवाले त्यांच्या मनात भरवून ठेवतात, हे दाऊदला माहीत होतं. त्यांची बोली मात्र कुणालाच येत नव्हती. खलाशांनी दंडाला धरून ओढलं, तशा किंकाळ्या उठल्या.

"अरे वढू नका बे!" धुळाजी मधे पडला. "दाऊदभाई, साहेबाला सांग. आमी गंगा उतरतो तवा काय करतो? मेंढी पाण्याला लई भेती. कितीबी हाका, न्हाई उतरत. मग आदी कोकरं खांद्यावर टाकून पल्याड न्यायची. तिकडं कोकरू वरडलं, की आई आपसूक पाण्यात पडती. एकबी मागं ऱ्हात न्हाई."

उमापूरकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. दाऊदला गंगा कळली नाही, बाकीचं कळलं. त्यानं साहेबाला सांगितलं. साहेबाला गंमत वाटली. करू दे, म्हणाला.

धुळाजी गोण्यांवर ऐसपैस बसला. त्यानं कोकराचा आवाज काढला. एका बाईच्या काखेतून तीन-चार वर्षांची पोरगी डोकावली. त्यानं पुन्हा काढला. पोरगी हसली. मग त्यानं हातवारे सुरू केले. पोरीकडं बोट, बोटीकडं बोट. मग आईकडं बोट, पुन्हा बोटीकडं. आदी ही, मागनं तू. बाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं स्वतःच्या हातानं पोरगी त्याच्या हातात दिली, पोरीच्या छातीवर बोट टेकवलं आणि म्हणाली, "नेमा."

"नेमा," धुळाजी म्हणाला.

तिचं बघून बाकीच्यांनीही लेकरं पुढं केली. बायका आता कठड्याशी येऊन उभ्या राहिल्या, पुढच्या खेपेची वाट बघत. सगळी लेकरं पहिल्या खेपेत मावली. साहेबही त्याच होडीत परतला. गलबतवाल्यांना गलबतावरच ठेवलं, ते पळू नयेत म्हणून शीड तेवढं काढून आणलं.

शेवटचं लेकरू बोटीवर ठेवलं आणि डोलकाठीवरून आरोळी आली. किनाऱ्याच्या बाजूला शिडं. ज्यांची महिनाभर वाट बघितली होती, ती बंदुकांची गलबतं.

घंटा वाजली. पायाखाली यंत्र धडधडलं.

"दाऊदभाई! आया ऱ्हायल्या!"

"परत येतो आपण. चूप."

"अरे, त्या येतो म्हनल्यात! साहेबाला सांग, त्या आता येतो म्हनल्यात!"

"बंदूक पहिली, सांगितलं ना तुला!"

बोट वळली. नेमाला काय कळलं कोण जाणे, तिनं भोकाड पसरलं. तो आवाज पाण्यावरून गेला असावा, कारण कठड्याशी उभी असलेली तिची आई वाकली आणि तिनं पाण्यात उडी घेतली. गंगेवर मेंढी घेते तशीच. धुळाजी ओरडला. बोटीमागचं पाणी पांढरं उसळत होतं, त्यात पुढचं काही दिसलं नाही. तिला कुणी वर घेतलं, की ती गेली, हे त्याला कधीच समजलं नाही.

बंदुका सापडल्या. दुसऱ्या दिवशी बोट माघारी आली, तेव्हा गलबत तिथं नव्हतं. दुसरं शीड कुठंतरी दडवलेलं असणार. दोन दिवस शोधलं, मग साहेबानं नाद सोडला. बंदुकांच्या आनंदात जेवण ठरलं आणि धुळाजीनं त्यासाठी दोन चांगली मेंढरं काढून दिली.

"मनाला लावून घेऊ नको," दाऊद म्हणाला. आज तो फिरकी घेत नव्हता. "लेकरं तरी सुटली ना?"

"तुमी वढीत व्हता तेच बरं व्हतं, दाऊदभाई. रडत-वरडत का व्हईना, आल्या असत्या. मीच मधी पडलो."

मुंबईपर्यंत नेमा त्याच्या घोंगडीत झोपली. बाकीची लेकरंही मेंढरांतच वावरायची आणि रोज त्याच्याकडं बघून मागच्या समुद्राकडं बोट करायची. तो मान हलवायचा. येतात, येतात.

धक्क्यावर एक कारकून मुलं उतरवून घ्यायला आला होता.

"हिला मी नेतो," धुळाजी म्हणाला.

"कोण लागते तुझी?"

"कुणी न्हाई. पर तिच्या आयनं माज्या हाती दिलीया."

"कुठला तू?"

"उमापूर. गेवराईकडं."

"म्हणजे निजामाच्या राज्यातला!" कारकून हसला. "सरकारनं सोडवलेली पोर परमुलखात कशी देऊ? सोड तिला."

त्यानं सोडली नाही. शिपायानं सोडवली.

घरी बायडाबाईनं सगळं ऐकून घेतलं. एकदाच तडकली. "कावून न्हाई आणली? धड मागितली तरी का?"

"मागितली."

"तुमाला मागता येत न्हाई. मी येते."

मेंढरं धाकट्या भावाच्या, मुंजाजीच्या हवाली करून दोघं पुढच्या हिवाळ्यात मुंबईला गेली. विचारत विचारत बोटीवरची मुलं ठेवलेला आश्रम सापडला. बाहेर आलेली बाई मराठी बोलणारी, स्वच्छ लुगड्यातली.

"नेमा होय? तिला एका चांगल्या घरी दिली."

"लेक म्हनून?" बायडाबाईनं विचारलं.

"कामाला. धाकट्या बाळाला खेळवते."

"पगार देत्यात?"

"एवढ्याशा पोरीला पगार कसला? खाणंपिणं, कपडा."

"कुणाचं घर?"

"ते सांगत नाही आम्ही. पोरी पळवून नेतात."

बायडाबाई आणखी काही बोलणार होती. पण तेवढ्यात अंगणातून एक मोठी पोरगी आली आणि धुळाजीसमोर थांबली. त्याच बोटीतली. त्यानं तिला ओळखलं. तिनं तर त्याला केव्हाच ओळखलं होतं. आता तिला मोडकीतोडकी हिंदुस्तानी येत होती.

"चाचा," ती म्हणाली, "माँ लाये?"

तोवर सगळं हातवाऱ्यांवर निभावलं होतं. आता दोघांना एक भाषा होती. बायडाबाई त्याच्याकडं बघत होती.

"जहाज गयाय लाने कू," तो म्हणाला.

पोरगी आत पळाली. आतून तिचा ओरडून सांगण्याचा आवाज आला, आणि मग इतर लेकरांचा गलका.

रस्त्यावर आल्यावर बायडाबाई म्हणाली, "खोटं कावून बोललात?"

"खरं सांगाया तोंड हाय का मला?"

"पर ती वाट बघतील की हो आता!"

तो भराभर पुढं चालायला लागला.

परत आल्यावर धुळाजीनं मेंढरं मुंजाजीलाच दिली आणि गावातल्या सुंदररावाच्या मळ्यात मोट धरली. बोलणं आटलं. बोटीचं कुणी काढलं तर उठून जायचा. दर हिवाळ्यात बायडाबाई म्हणायची, "चला, लेकरास्नी खरं सांगून येऊ. कवातरी सांगावंच लागंल."

"औंदा न्हाई," तो म्हणायचा.

मग तिनंही म्हणायचं सोडलं. ती लेकरं एव्हाना मोठी झाली असतील, कुणाकुणाच्या घरी भांडी घासत असतील, हे दोघांना न बोलता माहीत होतं. धुळाजी वारला तेव्हा मुंजाजीनं तिला विचारलं, शेवटी काय म्हणाला का? बायडाबाई म्हणाली, न्हाई, काईच न्हाई.