टाकी अर्धी झाल्यावर

मिस्त्रीचा राग सकाळी शटरबरोबर वर जायचा आणि संध्याकाळी शटर खाली आलं तरी वरच राहायचा. पान्यावर राग, पान्यात न बसणाऱ्या नटावर राग, तो नट घडवणाऱ्या अज्ञात माणसावर राग. आजवर त्याने चिडून असंख्य पाने भिरकावले, पण सगळे एकाच जागी, मागच्या पत्र्यावर, जिथे कधी कोणी उभं राहत नसे. पोचे पडून पडून पत्र्याला तिथे खळगा झाला होता.

"रागातही नेम चुकत नाही," बायको म्हणायची. "बोलताना एवढा नेम धरला असता, तर भावोजी आज समोरच्या बाजूला नसते."

भावोजी म्हणजे मिस्त्रीचा धाकटा भाऊ. पंधरा वर्षं दोघांनी एकाच खड्ड्यात उतरून ट्रक दुरुस्त केले. चार वर्षांपूर्वी धाकट्याने रस्त्यापलीकडे स्वतःचं गॅरेज टाकलं, तेव्हापासून बोलणं बंद. मधून गाड्या जात, धूळ उडे, आणि धूळ खाली बसली की समोर भावाची वाकलेली पाठ दिसे. मिस्त्रीला त्या पाठीचाही राग येई.

अशातच एक जुना सहा सिलिंडरचा ट्रक त्याच्या दारात आला. धाकट्याकडे तीनदा जाऊन तसाच परत आलेला. ड्रायव्हरच मालक होता.

"मिसिंग करते, मिस्त्री. चढावर मध्येच तोतरी होते. आणि गॅरेजात आणली की शहाण्या मुलीसारखी चालते."

"त्याने काय काय केलं?"

"नोझल बदलले, पंप खोलून बसवला, फिल्टर नवा टाकला, डिझेलच्या पाइपांना नव्या क्लिपा मारल्या."

"म्हणजे सगळं केलं. फक्त गाडी दुरुस्त करायची राहिली."

शेजारचा लेथवाला हसला. त्या हसण्याने मिस्त्रीला चेव आला. तो रस्त्याकडे तोंड करून, पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "यातला दोष मी काढणार आणि त्याच्या दारात नेऊन आपटणार. सगळ्यांदेखत. मग त्याने पाना खाली ठेवावा आणि भाजीचा गाडा लावावा."

"आम्ही येतो बघायला," लेथवाला म्हणाला.

पलीकडची पाठ हलली नाही.

दोन दिवस इंजिन गोड चाललं. गरम केलं, रेस दिली, खाणीजवळच्या चढावर नेलं. एक उचकी नाही. मिस्त्री जेवला नाही, बायकोवर ओरडला, लेथवाल्याशी बोलेना. काही न बिघडलेल्या इंजिनाचा इतका संताप त्याला कधी आला नव्हता. तिसऱ्या दिवशी त्याने ड्रायव्हरला समोर बसवलं.

"तोतरी होते तेव्हा टाकीत डिझेल किती असतं?"

"काय माहीत. पण दुरुस्तीला येताना मी टाकी भरूनच येतो हं. गॅरेजच्या दारात डिझेल संपलं तर लोक काय म्हणतील?"

पाना पत्र्यावर आदळला.

"अरे शहाण्या! आजाऱ्याला जेवूखाऊ घालून, भांग पाडून दवाखान्यात आणतोस, आणि वर विचारतोस याचं दुखत का नाही म्हणून!"

त्याने टाकी अर्ध्याखाली आणली आणि पुन्हा चढ गाठला. मध्यावर ट्रक तोतरा झाला, पांढरा धूर ओकला, आडवातिडवा हादरला. "थांबव! इंजिन चालू ठेव!" मिस्त्रीने उडी मारली. एकेका सिलिंडरला डिझेल देणाऱ्या नोझलचा नट तो थोडा सैल करून पाहू लागला. चालत्या सिलिंडरचं डिझेल तोडलं की इंजिन आणखी अडखळतं, बंद सिलिंडरचं तोडून काहीच फरक पडत नाही. तिसरा मेलेला निघाला. खात्रीसाठी पुन्हा पाहिलं, तर तिसरा जिवंत आणि पाचवा मेलेला. मग पहिला. मरण घर बदलत होतं. म्हणजे नोझल, पंप सगळे निर्दोष. डिझेलबरोबर हवा येत होती. टाकी भरलेली असली की डिझेल सहज येतं. पातळी खाली गेली की पंपाला जोर लावून ओढावं लागतं, आणि मग तो जिथे फट मिळेल तिथून हवाही ओढतो. अशी फट बाहेर ओली होत नाही. म्हणून डोळ्यांना दिसत नाही.

"सापडलास," मिस्त्री म्हणाला. ते ट्रकला म्हटलं नव्हतं.

इंजिन बंद करून तो खाली सरपटला. टाकीकडून येणाऱ्या पाइपाच्या प्रत्येक जोडावर नवी चकचकीत क्लिप होती. एकच जोड सोडून. तिथे वीतभर रबरी नळी होती, दोन्ही टोकांना तार पिळून बांधलेली. दोन वेढे, आणि तारेची टोकं आत दुमडलेली, पुढच्या माणसाच्या बोटाला टोचू नयेत म्हणून. रबर तारेखालीच चिरलं होतं.

अशी टोकं या रस्त्यावर एकच माणूस दुमडत असे.

नऊ वर्षांपूर्वी, घाईत, दोन दिवसांसाठी म्हणून बांधलेलं. आणि जोडावरचा चिखल नुकताच कोणीतरी पुसला होता.

"हे त्याने पाहिलं होतं?" त्याने खालूनच विचारलं.

"पाहिलं ना. म्हणाले, हे दादाच्या हातचं आहे, याला हात लावायचा नाही."

मिस्त्रीने तारेची दुमडलेली टोकं पकडीने उलगडली. पोराने एवढा मान ठेवला आणि आपण त्याला भाजी विकायला लावत होतो. मग त्या मानाचाही राग आला. नळी कापून, तिथे नवी घालून त्याने ट्रक परत आणला आणि जुना तुकडा हातात घेऊन रस्ता ओलांडला. लेथवाला मागोमाग आलाच.

"हे का नाही उघडलंस?"

धाकट्याने तुकड्याकडे पाहिलं. "तुझं होतं."

"म्हणून काय झालं? मी काय देव लागून गेलो? एवढा मान नको ठेवूस माझा!"

"मान?" धाकटा पहिल्यांदाच सरळ उभा राहिला. "तू कसलेल्या एका नटावर मी पाना लावून पाहिला, तर दहा गिऱ्हाइकांपुढे म्हणालास, माझ्या कामाला परत हात लावलास तर हात तोडीन. मी बत्तीस वर्षांचा होतो, दादा. त्या दिवसापासून तुझं काम दिसलं की मी पुसतो, बघतो आणि सोडून देतो. मला ठाऊक होतं हवा तिथूनच येत असणार. तीनदा ठाऊक होतं."

"आणि बिचारा हा ड्रायव्हर चढावर अडकत राहिला!"

"हो. ते माझं चुकलं. त्याची माफी मी मागेन. तुझी नाही."

मिस्त्रीच्या जिभेवर शिव्यांची रांग लागली होती. एकही बाहेर येईना, कारण प्रत्येक शिवी फिरून आपल्याच अंगावर येणार हे दिसत होतं.

लेथवाल्याला राहवेना. "मग चूक कोणाची निघाली शेवटी?"

"माझी!" मिस्त्री त्याच्यावर खेकसला. "माझी, माझी! ऐकू येत नसेल तर जवळ ये, कानात ओरडतो."

रस्त्यावरच्या दोन-तीन गॅरेजांतली ठोकाठोक थांबली. मिस्त्रीने तो तुकडा धाकट्याच्या टेबलावर, उघड्या पान्यांच्या शेजारी ठेवला. आपटला नाही.

"खड्ड्यावरच्या ट्रकला गिअरबॉक्स बसवून ठेवलाय मी," तो तोंड फिरवून म्हणाला. "नट बघून घे त्याचे. सगळे."

"आत्ता वेळ नाही मला," धाकटा म्हणाला. आवाजात अजून धार होती. "उद्या बघतो."

"उद्या म्हणजे सकाळी," मिस्त्री ओरडला, आणि रस्ता ओलांडण्यासाठी एक ट्रक जायची वाट पाहत, मुठी आवळून उभा राहिला.