दिवेलागणीचा बल्ब

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्या जोरावर चार ओळी लिहायचं धाडस करतोय, चुकलं तर माफ करा.

बडोद्याजवळच्या पादरा गावी, आमच्या घरात देवघराशेजारी मी स्मार्ट बल्ब लावला होता. आईला अधूनमधून चक्कर येते आणि बाबा नंदेसरीच्या कारखान्यात पाळीवर असतात. दिवेलागणीला बल्ब आपोआप लागायचा. बडोद्याच्या हॉस्टेलात मला ते फोनवर दिसायचं आणि घरी सगळं ठीक आहे असं वाटायचं.

त्या संध्याकाळी फोनवर आलं, ‘बल्ब ऑफलाइन’. आईला फोन लावला, तिने उचलला नाही. परत लावला, तरी नाही. बाबांना कारखान्यात फोन आत नेऊ देत नाहीत. आई अंधारात पडली असेल, हे एकदा मनात आलं ते जाईना. मग लक्षात आलं की बल्ब तर आपोआपच लागतो. आई कशी आहे, हे त्याने मला कधी सांगितलंच नव्हतं.

शेजारच्या गुजराती मासींना घरी जाऊन बघायची विनंती केली आणि मी बस स्टँडकडे धावलो.

बसमध्ये चढतानाच मासींचा फोन आला. त्या हसत होत्या.

“अरे दीकरा, तुझी मम्मी ओट्यावर शेंगा सोलत बसलीय. फोन आत चार्जिंगला आहे. म्हणते, मेला बल्ब माझ्याआधीच पेटतो, दिव्याला हात जोडायचे राहून जातात. म्हणून तिनेच भिंतीवरचं बटण बंद केलंय.”