किती चमचे बीट

पोलीस भरतीच्या तयारीसाठी मी रोज चौसाळ्याहून बीडच्या मैदानावर जायचे. तिथल्या पोरी पळायच्या आधी बिटाची पावडर प्यायच्या, म्हणून मीही डबा आणला. माझे वडील, आण्णा, याच रस्त्यावर प्रवासी जीप चालवायचे आणि बीपीची गोळी घ्यायचे. बिटानं बीपी उतरतं, असं त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. "घ्या की, भाजीच तर हाय," मी म्हणाले. घरात शहाणी मीच.

पहिली पावडर गडद लाल, बोटाला लागली की दिवसभर जायची नाही. एका चमच्यानं काही होईना, म्हणून दोन, मग तीन. लघवीही लाल व्हायला लागली तसे आण्णा खूश. "लागू पडतंय बघ!" रंग म्हणजे जोर, हे आम्ही दोघांनी धरूनच टाकलं.

पहिला डबा संपल्यावर दुसऱ्या कंपनीचा मिळाला. पावडर फिकट, मातकट. "लई गंडवलं आपल्याला," आण्णा चिडले. मी तोऱ्यात त्यांच्या ग्लासात चार चमचे शिगोशीग घातले.

त्या सकाळी मी त्यांच्या शेजारीच बसले होते, मागे गाडी भरलेली. मांजरसुंब्याला चहासाठी थांबलो. आण्णा उतरले, दाराला धरलं आणि तिथंच कोसळले. पांढरेफटक, घामाघूम. पुढे घाट होता. चहाला थांबलो नसतो तर, हा विचार मला अजूनही पुरता करवत नाही.

बीडच्या डॉक्टरांनी काय काय घेतलं ते खोदून विचारलं. बीपी उतरवतं ते बिटातलं नायट्रेट, म्हणाले, आणि त्याला रंग नसतो. जमीन, खत, पावडर करायची पद्धत, सगळ्यानं ते कमीजास्त होतं. एका कंपनीचा चमचा दुसरीला लागू नाही. त्यात गोळी चालूच. "मला विचारल्याशिवाय परत घ्यायचं नाही," असं त्यांनी आण्णांना बजावलं. घरी येऊन मी दोन्ही डबे उलटसुलट करून वाचले. नायट्रेट किती, ते एकावरही नव्हतं. दोन्ही फेकून दिले.

आण्णांना काही पटलं नाही. "पावडर चांगलीच हाय, माप चुकलं आपलं." मी भांडले, रडले. ते हसले.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी अंघोळ करून आले, तर ओट्यावर तिसऱ्याच कंपनीचा डबा, सील फोडलेलं. शेजारी रिकामा ग्लास, तळाला लाल गाळ. किती चमचे घेतले, कुणास ठाऊक. दारात जीप नव्हती. मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, ही सवय त्यांना मीच लावली होती.