सूज बघून खूश होणाऱ्या बाई

कुणाला गांधीलमाशी चावली, की आमच्या वरच्या खोलीतल्या देवयानीबाई अनवाणी खाली यायच्या. सुजलेल्या जागेवर बोट दाबायच्या, भोवती पेनानं गोल काढायच्या आणि म्हणायच्या, "वा! छान सुजलंय!" उरवड्यात त्या दोन वर्षं आमच्याकडं भाड्यानं राहिल्या. डॉक्टर होत्या, पण औषध देत नव्हत्या. जंतूंचं विष अंगात गेल्यावर आत काय गोंधळ होतो, ते प्रयोगशाळेत बघायच्या. मी चौथी नापास. मला सांगायच्या, "बाबा, रक्तात पहारेकरी असतात. विष दिसलं की एक हाक मारतो, बाकीचे धावत येतात. ती गर्दी म्हणजे सूज."

माझ्या बायकोला, हिराला, हे लई पटलं. गवत कापताना विळा लागून तिचा हात सुजला. बाईंनी गोल काढला, "छान" म्हणाल्या आणि चार दिवस गावाला गेल्या. सूज गोलाबाहेर आली तशी हिरा हात घेऊन आळीभर फिरली. "बघा, माझं पहारेकरी कसं तगडं हायेत!"

शेजारीण म्हणाली, "व्हय गं. माझं मेलं, डास चावला तरी उठत न्हाईत."

कोपरापर्यंत लाल रेघ चढली, तर मी म्हणालो, "आनखी पहारेकरी आलं वाटतं." आम्ही दोघं हसलो.

पाचव्या दिवशी ती तापात बरळायला लागली. बाई आल्या, हात बघून पांढऱ्या पडल्या. दवाखान्यात म्हणाल्या, "पहारेकरी एकमेकांना हाका मारतच सुटलेत, बाबा. 'बास' म्हणणारेही आत असतात, पण त्यांचं कुणी ऐकत नाहीये. आता तेच घर जाळतायत."

"मग मी म्हणतो की!" मी हिराच्या कानाशी ओरडलो, "ए मुडद्यांनो, बास करा! फिरा माघारी!"

एवढ्या शिकलेल्या बाई, त्यांनी मला आवरायचं. त्या दुसऱ्या कानाशी गेल्या आणि माझ्याहून मोठ्यानं ओरडल्या, "बास! बास!" नर्सनं दोघांना दंडाला धरून बाहेर काढलं.

हिरा त्याच दिवशी गेली.

तेराव्यानंतर बाईंनी खोली सोडली. मी त्यांना थांब्यापर्यंत पोचवायला गेलो. म्हणाल्या, "बाबा, मी अर्धंच सांगितलं होतं. सूज गोलाबाहेर गेली की पळायचं, हे सांगायचं राहिलं."

तुमचा दोष न्हाई, असं म्हणायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "व्हय. राहिलं."

बस येईपर्यंत त्यांच्या दोन्ही पिशव्या मी खाली ठेवल्या नाहीत.